नमुन्याची वाकळ

४ नोव्हेंबर १९७९, रविवार
खोटं बोलले! लिही महानंदा. सासूचं खोटं सुनेच्या हातानं लिहायचा योग रोज येत न्हाई.
बिदरच्या हाफिसात वाकळा शिवायचा वर्षाचा दर ठरायचा होता. एकदा यादीत नाव चढलं की जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी वसतिगृहानं कापड धाडायचं, आपण त्याच दरात शिवून द्यायचं. पुन्हा बोली न्हाई. पण आधी आपल्या हातचा नमुना दाखवायचा. माझे टाके आता कोंबडी चालल्यासारखे. म्हणून शेजारच्या मल्लव्वानं माझ्या नातवासाठी शिवून दिलेली, घडीही न मोडलेली वाकळ नेली.
लेखणी कामून थांबली गं? लिही.
कारकून म्हणाला, "आजी, तुझंच काम व्हय?" मी अंगठाच पुढं केला.

९ नोव्हेंबर
नाव चढलं. वाकळ शिक्का मारून कपाटात! वर्षभर जो कोणी शिवून आणेल, त्याचं काम तिच्याशी ताडून बघणार म्हणे. मला वाटलं, बघून परत देतील.

१५ नोव्हेंबर
मल्लव्वा आली. शेजारीण कसली, सवतच! माझ्या घरात माझ्याहून तिचं जास्त चालतं. बाळाला उचललं.
"वाकळ कुठाय गं अक्का?"
"वाळत घातलीय."
"किती मुततोय गं हा!"
तीही हसली, महानंदाही. मी चूल फुंकत बसले — चूल पेटलेलीच होती.

२ डिसेंबर
मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादीत नाव घालायला मल्लव्वाही बिदरला जाऊन आली. तिनं शिवून नेलेली वाकळ कारकुनानं परत केली. टाके नमुन्याइतके बारीक न्हाईत म्हणे! नमुना दाखवलाही न्हाई, नुसतं कपाटाकडं बोट केलं.
"तुझा हात लई बारीक हाय म्हनला गं अक्का. मला कामून शिकवलं न्हाईस?"
तिचीच वाकळ, तिलाच आडवी! आता नेलेली चार दिवसांत उरकलेली. बाळाची शिवताना तिनं अख्खा पावसाळा घालवला होता. मी चहा दिला. साखर जास्त घातली. तेवढंच जमलं.

७ डिसेंबर
बिदरला गेले. कारकुनाला खरं सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं! नुसती माझ्या नावावर रेघ मारली.
"वाकळ तरी द्या, सायब."
"नमुना सालभर हलत न्हाई, आजी."
"मग मल्लव्वाचं नाव लिवा की! काम तिचंच हाय."
"तिनं स्वतः येऊन सांगावं."
म्हणजे आधी मी तिला सांगणं आलं. यष्टीत सगळ्या वाटेनं बोलणं जुळवलं. गावात उतरले आणि मागच्या बोळानं घरी आले.

९ डिसेंबर
मल्लव्वाला सांगितलं. हाफिस, दर, यादी, सगळं. त्यातलं तिनं काहीच धरलं न्हाई. बाळाकडं बघत एवढंच म्हणाली —
"म्हंजे लेकरू एक दिस बी त्या वाकळंत निजलं न्हाई?"