खडकातल्या डोहातले मासे

प्रिय योगिता,

लई लई आशीर्वाद. अंदमानाहून बोटीनं चेन्नईला आलो, आता तिथून गाडी सुटली हाय, अक्षर हलतंय, सांभाळून वाच. आमचे हे, तुझे मामा, समोरच्या बाकड्यावर घोंगडी पांघरून पडलेत. झोपलेत म्हणायचं, झोप कसली! निघताना तू माझा पदर धरून एवढंच म्हणालीस, आत्या, तिथं जाऊन खरं काय ते बघा आन् मला सांगा. तेच सांगायचंय. तोंडानं जमायचं न्हाई, म्हणून सातवीपर्यंतची शाळा आज कामाला लावलीय.

अंगदनं फोनवर दावलेली ती जागा आठवतीय का? पोकलेन चालवायला अंदमानात गेलेलं माझं पोरगं, सुट्टीच्या दिवशी खडकातले डोह दावत होतं, आन् आपण दोघी चूल सोडून फोनवर वाकलो होतो. भाकरी करपली तर केवढं हसलं बेणं! पुढं महिन्याभरात त्याच खडकावरून भरतीनं त्याला नेलं. सोबतचे माघारी आले, ह्यो आला न्हाई. शरीरही सापडलं न्हाई. सापडलं न्हाई म्हणून मी म्हणत राहिले, येईल. तुझं कुंकू पुसू दिलं न्हाई. तुझा बाप बबन तुला माहेरी न्यायला आला, तर सख्ख्या भावाला मी उंबऱ्यावरूनच फिरवलं. रोज टोपल्यात अंगदची भाकरी ठेवायला लावली तुला.

त्याच्याबरोबर कामाला असलेल्या शहादेवच्या संगं आमी तिथं गेलतो. ओहोटी होती. समुद्र पार लांब सरकलेला, आन् खडकाच्या खळग्याखळग्यांत पाणी साचलेलं. लई देखणं, पोरी! तळाची शिंपली दिसावी इतकं नितळ. बोटाएवढे निळे मासे, बाभळीच्या काट्यांचा असावा तसला काळा गोळा, पाय पसरून बसलेली चांदणी. मला रागच आला. माझं लेकरू गिळून इतकं नटायचं कावून? तेवढ्यात ध्यानात आलं, ऊन चढतंय आन् मासे अडकलेत. आपल्या सिंदफणेचे डोह वैशाखात आटले की मासे कसे तडफडतात, तू बघितलंयस. मला बघवेना. तांब्या घेतला आन् मासे धरून धरून समुद्रात सोडायला लागले. तुझे मामा ओरडले, येडी झालीस का गं? शहाळी विकणारी एक बाई हसत आली आन् हिंदीत म्हणाली, मावशी, उगं दमू नका, हे पाणी आटत न्हाई. समुद्र त्यांना न्यायला परत येतो, रोजच येतो.

गेलेलं पाणी परत येतं! आपल्याकडं असलं कुणी ऐकलंय का? माझ्या काळजात काय उसळलं म्हणून सांगू. बसले तिथंच वाट बघत. आन् खरंच आलं गं. एकेक डोह भरला, मासे आपापल्या घरी गेले. एक फांदी आली, कुणाची तरी चप्पल आली. तुझे मामा गुडघाभर पाण्यात उतरले आन् चुकलेल्या मेंढराला मारतात तशा हाका मारायला लागले. अंगद्या, चल बे घरी. घसा बसला तरी थांबेनात. शहादेवनं धरून बाहेर आणलं. मग पाणी पुन्हा उतरलं. डोह होते तसेच चमकत होते. आपला अंगद न्हाई आला, योगिता.

तर खरं हे हाय. तो येणार न्हाई. आता टोपल्यात त्याची भाकरी ठेवू नकोस. बबनला मीच निरोप धाडते. तुझं वय ते काय! आपल्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन होतं, त्यात लाजायचं काही न्हाई. चांगला माणूस बघू, आन् पाटाच्या दिवशी तुझी वटी मीच भरीन. तुझ्या मामांना इचारलं, त्यांनी मान हलवली. हे सगळं तुझ्यासमोर उभं राहून बोलायचं बळ माझ्यात न्हाई. म्हणून घरी आले की ही चिठ्ठी तुझ्या हातात देईन आन् मेंढरांकडं निघून जाईन. वाचून झालं, रडून झालं, की एक हाक मार. मी मेंढरांच्या वाडग्यातच हाय.

तुझीच,
साखराआत्या