बांधाखालचं घर

भाटवाडी, ता. मालवण
१८ जुलै १९८८

प्रिय विश्राम,

तुझं पत्र पोचलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या खाड्यांवरून जाणाऱ्या रस्त्यांचा नवा आराखडा करायला तुझी निवड झाली, हे मी नानांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढाच मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग भर पावसात छत्री घेऊन नाक्यावरच्या दुकानात गेले आणि भेटेल त्याला सांगत सुटले. वाटायला घेतलेली साखर घरी येईपर्यंत भिजून गेली. मी रागावले तर म्हणाले, “झील मोठो झालो गो. साखर भिजली तर भिजूंदे.” हे मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की घरचं माणूस तुझ्यावर रुसलंय. तसं काही नाही. मी बालवाडीच्या पडवीत बसून लिहितेय. पोरं घरी गेली आहेत, आणि इथून खाडी दिसत नाही, म्हणून जरा शांतपणे लिहिता येतं.

आपल्या खाडीवरच्या तुझ्या रस्त्याचं चांगलं ते आधी सांगते. एसटी सकाळ-संध्याकाळ येते. आंब्याच्या दिवसांत देवगडकडून पेट्यांचे टेम्पो येताना दिसतात. परशुरामाच्या सुनेला, तुळसाला, अडलेली असताना मालवणला नेता आलं ते या रस्त्यामुळेच. नानांच्या होडीतून न्यायची झाली असती तर भरतीची वाट बघत काठावर बसावं लागलं असतं. तिचा मुलगा आता रांगतो. नाना त्याला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगतात, हा माझ्या झिलाच्या रस्त्याने आलेला. ज्या माणसाची होडी त्या रस्त्याने बंद पाडली, तोच असं सांगतो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती होडी आपल्या हातांनी माडाखाली ओढून उपडी घातली, ते मी पाहिलंय. चेहऱ्यावर दुःख नव्हतं रे. आयुष्यभर माणसं पलीकडे पोचवली, आता तेच काम पोरगा करतोय, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मोजणीच्या वेळी तू बरेच दिवस घरी राहिला होतास, ते मला अजून कालच्यासारखं वाटतं. तुझी माणसं कच्च्या वाटेवर खुर्च्या टाकून बसत आणि जाणारी-येणारी वाहनं मोजत. कधी एखादी जीप, कधी मोटारसायकल, बाकी बैलगाड्या. वाट खाडीपाशी संपत होती, मग तिथे गाडी येणार तरी कशाला? आणि त्यांच्या पाठीमागे नानांच्या होडीतून सगळी वाडी पलीकडे जात होती. मासळीच्या टोपल्या, शाळेतली पोरं, झावळ्यांचे भारे, तापाने फणफणलेली माणसं. त्यातलं काहीच मोजणीत येत नव्हतं. तू ते सगळं वेगळं लिहून काढलंस. भरतीचं पाणी कुठवर चढतं, कुठली शेतं आणि विहिरी त्याच्या जवळ आहेत, मासे कुठे अंडी घालतात, हेसुद्धा. आणि पूल मागितलास. मुंबईहून परतलास त्या दुपारी मी ताट वाढलं तरी तू हात लावला नाहीस. म्हणालास, “ताई, पुलाक गाडयो कमी पडल्यो. माणसां मोजूची रीतच नाय आमच्याकडे.” मग पुलाच्या जागी मातीचा बांध ठरला, पाणी जायला खालून सिमेंटचे नळे आणि वरून रस्ता. वरिष्ठांनी तुला सांगितलं होतं की एकदा रस्ता होऊ दे, गाड्या वाढल्या की पूल मागू. तुला ते पटलं, आणि खरं सांगते, मलाही पटलं होतं.

गाड्या वाढल्या, विश्राम. पण त्या कसल्या वाढल्या ते तुला कुणी कळवलं नसेल. बांधामुळे खाडीच्या मुखाशी रेती साचायला लागली आणि ती उपसायला कुठून कुठून ट्रक येऊ लागले. आता दिवसभर बांधावरून भरलेले ट्रक धडधडत जातात. नानांच्या घरातल्या मांडणीवरची भांडी त्या धक्क्याने पुढे सरकत येतात आणि नाना ती पुन्हा मागे ढकलून ठेवतात. मुखाशी रेती, म्हणून मोठ्या होड्या ओहोटीला बाहेर पडत नाहीत. बांधाच्या आतल्या बाजूला तर मासा चढतच नाही. धोंडूच्या शेतात पाणी साचून राहतं. गेल्या वर्षी त्याने लावलेला भाताचा तरवा जागच्या जागी कुजला. पाण्याला एक वास येतो, तो आधी कधी नव्हता. बायका म्हणतात कांदळवन मरतंय त्याचा वास. झाडं खरोखरच काळी पडत चालली आहेत. बगळे यायचे तेही येईनासे झालेत, आणि पहाटे उठलं की सगळीकडे इतकं सामसूम असतं की नकोसं वाटतं.

फाल्गुनात एक पाहणी पथक आलं होतं. रस्त्याचा फायदा किती झाला ते मोजायला. प्रमुख साहेब सभ्य होते, लहान होते तुझ्याहून. त्यांनी बाजाराला निघालेल्या रुक्मिणीला थांबवून विचारलं की मालवणला जायला पूर्वीपेक्षा वेळ कमी लागतो का. ती म्हणाली, “बेगीन पोचतंय सायबानू. पण टोपलेत घालूक मासळी खंय आसा?” सगळे हसले. साहेबही हसले आणि वेळ वाचतो एवढंच त्यांनी लिहून घेतलं. मी बाजूलाच उभी होते. मी म्हटलं, साहेब, दुसरं पण लिहा ना. ते म्हणाले, “बाई, तुमचं खरं आहे, पण आम्हाला वाहतुकीचंच विचारायला सांगितलंय. विहिरी आणि मासे आमच्या खात्यात येत नाहीत.” जाताना त्यांनी नानांच्या हातचं शहाळं घेतलं आणि सांगितलं की किनाऱ्यावर इतका यशस्वी रस्ता दुसरा नाही, वाहनं अंदाजाच्या कितीतरी पट झाली, आता बाकीच्या खाड्यांवरही असेच बांध घालायचे. नाना नुसते फुलून गेले होते. तुझी निवड झाल्याचं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच साहेब आठवले. माझ्याच्याने साखर खाववली नाही.

गेल्या श्रावणात काय झालं ते मी तुला पुरतं कळवलं नव्हतं. नानांनी शपथ घातली होती. वरून डोंगराचं पाणी येत होतं आणि खालून उधाण. नळ्यांत झाडोरा अडकला होता. आतल्या बाजूला पाणी चढत चढत रस्त्याच्या कडेला येऊन टेकलं. बांधाच्या खालच्या अंगाला आपली घरं, आणि आपल्या कौलांच्याही वर पलीकडे पाणी उभं. विश्राम, डोक्यापेक्षा उंचावर थांबलेलं पाणी काय असतं ते तू नकाशात पाहिलं असशील. आम्ही अंगणात उभं राहून पाहिलं. बाप्ये दोर बांधून उतरले, नळे मोकळे केले, आणि संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं. बांध टिकला. पण त्यानंतर खालची बिऱ्हाडं एकेक करून हलली. परशुरामाने वर सड्याच्या कातळावर खोपटं घातलं, रुक्मिणी बहिणीकडे गेली. दारंसुद्धा काढून नेली लोकांनी. आता तिथे फक्त आपलं घर राहतं आहे. नाना संध्याकाळी एकटेच पडवीत बसतात, आणि रिकाम्या घरांतून वारा शिरतो तेव्हा आत माणसं बोलल्यासारखी वाटतात.

या वर्षीचं सांगायचंय ते हे. बांधाच्या पायथ्याशी, आपल्या विहिरीच्या बाजूला, एक झरा लागलाय. चैत्रातही पाणी पाझरायचं, पण ते स्वच्छ असायचं, नाना त्यात पाय धुवायचे. पाऊस धरल्यापासून ते वाढलंय आणि गेल्या आठवड्यापासून तांबडं, गढूळ येतंय. बरोबर बांधाच्या पोटातली माती घेऊन येतंय. रस्ताही वरून थोडा खचल्यासारखा दिसतो. मी तालुक्याला जाऊन सांगून आले. परवा एक ज्युनियर इंजिनिअर आला. बोटांनी ती माती चोळून पाहिली, वर बांधाकडे पाहिलं, मग मला विचारलं, “हे घर कोणाचं? राहतं का कुणी?” मी सांगितलं, माझे वडील राहतात. चहा केला होता, तो न घेताच निघून गेला. त्याचा चेहरा पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे. त्याच दुपारी निरोप आला की पावसाळ्यानंतर दुरुस्ती धरू, तोवर ट्रक सावकाश चालवायला सांगितलंय. ट्रक तसेच चालले आहेत.

मी नानांना माझ्या घरी आणायला तीनदा गेले. तुझे भावोजी गेले. घर तर जवळच आहे, सड्याच्या वाटेवर. सामानही फार नाही. पण ते हलत नाहीत. कधी म्हणतात गुडघे दुखतात, कधी म्हणतात मांजर एकटी पडेल. मी रडले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू जा गो बाय. माका हयच बरा दिसता.” मला वाटत होतं की आईच्या आठवणीने घर सोडवत नसेल, म्हातारपणाचा हट्ट असेल. मी त्यांना बोलू नये ते बोलले.

आज सकाळी कळलं. धोंडू त्यांना आणायला गेला होता, मी मागे उभी होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. धोंडूने हात धरून उठवायला पाहिलं तेव्हा ते एकदम म्हणाले, “मी वयर रवाक गेलो तर लोक काय म्हणतले? बापाशीकच झिलाचो इस्वास नाय, असा म्हणतले.” ते तुझ्यासाठी त्या बांधाखाली बसलेत, विश्राम. तुझी निवड झाल्याचं कळल्यापासून तर जास्तच. रोज पडवीत दिवा लावतात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावा म्हणून. तार केली असती, पण पोस्टातून ती आधी त्यांच्याच कानावर गेली असती, म्हणून हे पत्र मालवणहून मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे. येत्या पौर्णिमेला मोठं उधाण आहे. तुझा आराखडा, समिती, सगळं बाजूला ठेव आणि त्याआधी निघ. बांध तपासायला येऊ नकोस, ते मागाहून कर. आधी नानांसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग, नाना, माझ्या बांधावर विश्वास ठेवू नका. माझं ऐकत नाहीत. जगात हे त्यांना फक्त तूच सांगू शकतोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आनंदीताई