बर्दिया नावाचे दुपटे

दि. २ मार्च

तुझे दुकान आज उघडले. तू गेल्यानंतर प्रथमच. गेलेल्या माणसाची खोली विस्कटलेली असेल अशी माझी समजूत होती. तसे काहीही नाही. रिळे रंगवार, भरतकामाच्या चौकटी भिंतीला टेकलेल्या, कात्री म्यानात. तू उद्या येणार असल्यासारखे सारे आवरलेले!

मालकांना हा गाळा महिनाअखेर रिकामा करून हवा आहे. कोरी दुपटी तुझ्या मैत्रिणींत वाटून टाकावीत, असे आपल्या कन्येचे म्हणणे. ते रास्त आहे. परंतु खुंटीवर एक दुपटे तयार आहे. सायीच्या रंगाचे. कोपऱ्यात निळ्या साखळी टाक्याने नाव भरलेले — बर्दिया. इतर सर्व गिऱ्हाइके आपापले घेऊन गेली. हे एवढेच मागे राहिले. म्हणजे हे तुझे शेवटचे काम.

असले नाव मी जन्मात ऐकलेले नाही. नावाखाली टाचणीने फोन क्रमांक लावलेला आहे. उद्या कळवितो.

दि. ३ मार्च

कालचा मजकूर तिला उद्देशून लिहिला गेला. अनवधानाने. रोजनिशी म्हणजे पत्र नव्हे. यापुढे काळजी घेईन.

फोन केला. बाळाचे वडील बोलले. लिफ्ट दुरुस्त करतात. मागे लोखंडाचा आवाज येत होता.

‘काका, थोडा घोळ झालाय. आईला ते नाव पसंत नाही. माझ्या बाबांचंच ठेवायचं म्हणतेय. ते उसवून दुसरं भरून मिळेल का? मावशी म्हणाल्या होत्या, नाव बदललं तर बिनधास्त या, बदलून देईन.’

ती तसे प्रत्येकाला सांगत असे. ‘दुपटं बाळाचं. टाके माझे असले म्हणून काय झालं?’ — हे तिचे ठरलेले वाक्य.

मी म्हणालो, विचार करून कळवितो. यात विचार करण्यासारखे काय होते? त्यांनाही नवल वाटले असावे.

वस्तुस्थिती अशी की घरात तिच्या हातचे काही नाही. उभ्या गावाच्या बाळांची नावे तिने भरली. आमच्या उशांचे अभ्रे कोरेच. मी एकदा म्हटले, तर म्हणाली, ‘दिव्याखाली अंधार असायचाच.’ दुपटे मी ठेवून घेणार नाही, ते परक्याचे आहे. परंतु ते कोठेतरी असेल, त्यावर तिचे टाके असतील, एखादे मूल ते ओढून ओढून विटवील — हा भाग निराळा.

फोन ठेवण्यापूर्वी विचारले, हे नाव सुचले कोठून?

‘बाराव्या मजल्यावर एक बाई मुलाला हाका मारत होत्या. मी खाली खड्ड्यात. ते नाव घुमत घुमत खाली आलं. आवडलं, बस्स!’

अर्थ? — ‘तो नाही बुवा विचारला.’

अर्थ न विचारता मुलाचे नाव! धन्य आहे.

दि. ५ मार्च

वाचनालयात गेलो. ज्ञानकोशांचे जाड खंड कोणी हलविलेले नव्हते. बोटांना धूळ लागली. मिळालेली माहिती अशी :

नाव प्राचीन पर्शियन. अर्थ ‘उंच’, ‘थोर’. आपल्या ‘बृहत्’शी त्याचे मूळ जुळते — म्हणजे परके म्हणावे तर दूरच्या नात्यातले निघाले. सम्राट सायरसचा धाकटा पुत्र बर्दिया. ग्रीकांनी त्याला स्मर्डिस केले. पुढे हे नाव शतकानुशतके जवळजवळ निजलेले राहिले. गेल्या शतकात इराणात जुन्या राजवटीतील नावे पुन्हा ठेवू लागले, त्यांबरोबर हेही उठले. तेथेही घरोघरी आढळते असे नाही. बाहेर तर क्वचितच.

हे सारे अनुकूल आहे. तथापि एक प्रतिकूल बाबही आहे. ती उद्या लिहीन.

दि. ६ मार्च

जन्मनोंदणी कार्यालयात चौकशी केली. कारकून तरुण, पण अदबीने वागला. यंत्रात शोधून म्हणाला, ‘नाही काका. या नावाचं आपल्याकडे कुणीच नाही. बाकी एकेका नावाची इतकी पोरं आहेत की बाईंनी वर्गात हाक मारली तर अर्धा बाक उभा राहील.’

मी म्हटले, म्हणजे हे नाव दुर्मीळ आहे, असे आपण म्हणू शकता?

‘दुर्मीळ कसलं, काका. नाहीच म्हणा ना!’

दि. ७ मार्च

टिपण तयार केले : ‘बर्दिया — उगम व प्रचार’. कचेरीत आयुष्यभर मसुदे लिहिले. हात अजून चालतो. टिपणात प्रतिकूल बाब दडवू नये, हा नियम मी कनिष्ठांना शिकविला. म्हणून तीही घातली : बर्दियाला त्याच्या सख्ख्या भावाने गुप्तपणे मारविले, आणि एका तोतयाने त्याच्या नावाने काही महिने राज्य केले, असे शिलालेखात कोरले आहे. तोतया वगैरे कोणी नव्हताच, तो खराच बर्दिया होता, असेही काही अभ्यासक मानतात. दोन्ही मते दिली.

कन्येचा फोन. ‘बाबा, लोकांच्या बाळाचं नाव काय ठेवायचं ते लोक बघतील ना? तुम्ही कशाला मध्ये?’

ऐतिहासिक कुतूहल, असे मी सांगितले.

‘हं,’ म्हणाली. मग जेवलात का, विचारले.

दि. ९ मार्च

बाळाच्या घरी जाऊन आलो. दोन खोल्या. दोरीवर लंगोट वाळत होते, त्यांखालून वाकून आत जावे लागले. बाळ आईच्या मांडीवर झोपलेले. त्याच्या वडिलांच्या हाताला ग्रीसचा वास. आजी खुर्चीत ताठ बसलेल्या. मी टिपण वाचावयास घेतले.

‘उंच’ हा अर्थ ऐकून बाळाची आई हसली. ‘लिफ्टवाल्याचा मुलगा उंच! बरं आहे की.’

आजी म्हणाल्या, ‘नाव आहे का खोकल्याचं औषध? दोन चमचे बर्दिया, जेवणानंतर!’

मुलगा म्हणाला, ‘आई, काका एवढे चालत आलेत. ऐकून तर घे.’

‘ऐकतेय की. कान काही म्हातारे झाले नाहीत माझे.’

राजपुत्र म्हटल्यावर त्या किंचित सावरून बसल्या. मला आशा वाटू लागली. तेथेच थांबलो असतो तर! परंतु पुढचा परिच्छेद समोर होता, आणि लिहिलेले गाळून वाचणे मला जमत नाही. वाचला.

‘म्हणजे खरा मारला आणि खोटा गादीवर बसला?’ आजींनी हातच जोडले. ‘छान! जगात एवढी नावं, आणि माझ्या नातवाला हेच सापडलं? आणि सख्ख्या भावाने मारला म्हणता? उद्या याला भाऊ झाला म्हणजे?’

अभ्यासकांचे दुसरे मतही आहे, असे मी निदर्शनास आणले. कोणी ऐकले नाही. बाळाचे वडील छताकडे पाहत होते. त्यांना हसू आवरत नसावे.

मग आजींचा आवाज बदलला. ‘हे बघा भाऊ, माझा माणूस जाऊन वर्ष होत आलं. दारावर त्याच्या नावाची पाटी होती. रंग देताना या शहाण्याने काढली, ती परत लावली नाही. कपडे देऊन टाकले. चष्मा कुठे गेला, देव जाणे. कुठेतरी राहू दे की त्याचं नाव! पण हे तुम्हाला नाही कळायचं.’

सून हळूच म्हणाली, ‘सासूबाई, अहो, दुकानातल्या त्या मावशी यांच्याच —’

मी टिपणाची घडी घातली. नवे नाव कागदावर लिहून घेतले. दुपटे तयार करून देतो, म्हणालो. आजींनी उंबऱ्यापर्यंत येऊन चहासाठी थांबविले. थांबलो नाही.

दि. १० मार्च

आज लिहिण्यासारखे काही नाही.

दि. ११ मार्च

समोरचे शिंपी म्हणाले, ‘द्या इकडे काका, पात्याने दोन मिनिटांत काढतो.’ मी नको म्हटले. हे आपल्या हाताने व्हावे. पूर्ण संध्याकाळ राखून ठेवली. दिवा ओढून घेतला, चष्मा पुसला, चहा करून बाजूला ठेवला.

साखळी टाक्याचे मला ठाऊक नव्हते. प्रत्येक टाका पुढच्याने धरलेला असतो; शेवटचा तेवढा गाठीने. ती गाठ कापली आणि दोरा ओढला — या, मग दि, मग ब. अक्षरे एकामागून एक आपणहून सुटत आली. थांबावे कोठे, हेच कळेना. चहा निवायच्या आत नाव संपले!

कापडावर भोके राहिली आहेत. दोन धुण्यांत बुजतात, असे ती गिऱ्हाइकांना सांगत असे.

दि. १४ मार्च

शिंप्यांनी नवे नाव यंत्रावर भरून दिले. भरताना म्हणाले, ‘वहिनी असत्या तर मला शेजारी उभं राहू दिलं नसतं. हे काय टाके म्हणायचे, म्हणाल्या असत्या.’ टाके सुबक आहेत. तसे मी त्यांना सांगितले.

बाळाचे वडील घेऊन गेले. आजींनी दुपटे उराशी धरले, असे रात्री फोनवर कळविले.

दि. २२ मार्च

रिळे, चौकटी, कोरी दुपटी — सर्व वाटून झाले. कन्या दोन दिवस येऊन गेली. झाडू मारताना फरशीवर टाचण्या निघतच होत्या. तिने एकही फेकली नाही.

दि. ३१ मार्च

गाळा बंद करीत असता बाळाचे वडील कामावरून परस्पर आले. म्हणाले, ‘काका, आईची पंचाईत झालीय. बाबांना तिने जन्मात नावाने हाक मारली नाही. सदा “अहो”. आता बाळ रडलं की नुसती “अरे, अरे” करते. नाव काही तोंडातून निघत नाही. काल बायको म्हणाली, सासूबाई, काहीतरी म्हणा! तर म्हणाली — “बर्दिया, उगी रे.” आज सकाळी तेच नोंदवून आलो.’

दुपटे आजींनी बाळाला दिलेले नाही. आपल्या उशाखाली ठेवले आहे.

उसवले नसते तरी चालले असते. हे मी त्यांना म्हणालो नाही. अभिनंदन केले.

गाळ्याला कुलूप लावले. किल्ल्या मालकांना परत केल्या.