राखीव कुपी आणि बाबांची डबी

मी, आश्लेषा प्रल्हाद निकुंभ, वय एकोणतीस, रसायन-विश्लेषक, राहणार कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या कवटीतली गाठ काढणार आहेत. न उठण्याची शक्यता शंभरात चार, असं सर्जन म्हणाल्या. चार मी शून्य धरत नाही. इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे. ही आईला वाचता यावी म्हणून.

१. बँकेतली शिल्लक, विमा आणि गाडी माझी आई कांचन हिला. हे सगळं माझी रूममेट यामिनी हिने अमलात आणावं. ती यादीप्रमाणे काम करते.

२. स्वयंपाकाची भांडी यामिनीला. खालच्या मजल्यावरच्या वीरला कुकर पुन्हा देऊ नये. त्याने तो दोनदा नेला आणि दोन्ही वेळा रिकामा परत आणला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "यार, वॉश करून दिला ना!"

३. प्रयोगशाळेतल्या माझ्या वह्या आणि फ्रीझरमधली 'राखीव' लिहिलेली कुपी माझी सहकारी सई हिच्या ताब्यात द्यावी. कारण सविस्तर लिहिते.

माझा एकमेव पेपर एका माया बाटलीवर आहे. तळहाताएवढी, चपटी, मातीची, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची. मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक तंबाखू देवांना वाहत, विधींमध्ये ओढत, आणि भुकटी करून चुन्यासोबत तोंडात धरत. काही बाटल्यांवर 'अमक्याच्या तंबाखूचं घर' असं लिहिलेलं असतं. या बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. आत काय होतं, हे मला शोधायचं होतं.

२०२३च्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले होते. घरात तंबाखूला बंदी होती, म्हणून ते बाल्कनीत उभं राहून मळत. एका शनिवारी मी त्यांना प्रयोगशाळा दाखवली.

"एवढीशी? ही तर कमरेला खोचायची डबी."

"बाबा, हात लावू नका. देवापुढे ठेवायची वस्तू आहे."

"चुना कुठं ठेवायचे?"

"त्यातच मिसळत असावेत."

"मग शहाणे होते."

मी हातमोजे आणायला गेले. दोन मिनिटं.

बाटलीच्या आतली खरवड मी दोनदा घेतली. आदल्या दिवशीची, शुक्रवारची पहिली खरवड राखीव म्हणून गोठवली. सोमवारची यंत्रात चालवली. तिच्यात निकोटीन आणि चुना दोन्ही मिळाले. पुढच्या एप्रिलमध्ये पेपर छापून आला. मी पुण्याला व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, तंबाखू आणि चुना, दोन्ही सापडले."

"सापडणारच," ते हसले. "मीच ठेवली होती की, मळलेली चिमूट. देवाची डबी म्हणालीस. बघितली न् रिकामीच परत ठेवली, असं कसं करायचं?"

मागून आई म्हणाली, "अहो, तिथेसुद्धा?"

मी म्हणाले, "नंतर बोलते."

नंतर बोलले नाही. आईला फोन करत राहिले. बाबा मागून विचारायचे, "तिथं राहिलेली डबी आहे ना गं माझी?" मी आईला सांगायचे, आहे म्हणावं. सप्टेंबरमध्ये त्यांचं हृदय थांबलं. तेव्हा माझा व्हिसा नूतनीकरणात होता. मी गेले नाही.

आईला वाटतं, मला कामाचा ताण होता. तसं नव्हतं. माझं काम त्यांनी बिघडवलं, असं मी धरून बसले होते. ते चूक आहे. माझ्या वहीत पान ४१ वर शुक्रवारची नोंद आहे: 'तळ स्वच्छ.' सोमवारी तळाशी तपकिरी कण होते. ते मी पाहिले आणि मला आनंद झाला. मागचं पान उलटून पाहिलं नाही. बाबांनी रीत पाळली. मी पाळली नाही.

हे सगळं लिहिलेलं पत्र यामिनीकडे दिलं आहे. ते सोमवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जर्नलला आणि माझ्या गाइडना जाईल. मी उठण्याची वाट पाहू नये. सईने राखीव कुपी चालवावी आणि निकाल काहीही येवो, तो छापावा. त्या कुपीत बाबांचं काही नाही. बाटलीत आधी काय होतं, ते फक्त त्या कुपीलाच विचारता येईल. गेलं वर्षभर मी ती चालवली नाही, कारण उत्तर 'काहीच नाही' असं येईल, अशी भीती होती. मी उठले तर मीच चालवीन. हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, तरी ठेवते.

४. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बाबांची स्टीलची डबी आहे. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, अशा दोन झाकणांची. परत जाताना ती ओट्यावर ठेवून म्हणाले होते, "पुढच्या वेळी घेईन." त्या कॉलनंतर मी ती सिंकमध्ये रिकामी केली आणि साबणाने दोनदा धुतली.

ती आईला परत द्यावी. रिकामी देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला आणि दोनदा वाचला. सही: आश्लेषा प्र. निकुंभ

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही: सत्यजित काका आणि दीपा काकू, शेजारी. आश्लेषाने आमच्यासमोर सही केली. हात स्थिर होता.

कॅरी, १२ मार्च २०२५