सोमवारी टाकी उघडायच्या आधी

प्रिय सूनबाई,

फोन उचलायचा नाही, आणि उचललाच तर “आई, नंतर बोलते” म्हणून ठेवून द्यायचा, ही कुठली रीत? म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. लागेल तसं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझी ती प्रयोगाची खोली मी बघितलीय. चंदेरी कागदात गुंडाळलेली पोलादी टाकी, तिला काचेची इवलीशी खिडकी, आणि पंपाची सारखी घरघर. आत तीन-चार धातू एकत्र वितळवून केलेला नखाएवढा तुकडा. त्याच्यावरची नक्षी म्हणे कुठेच पुन्हा तशीच येत नाही. त्यावर तू शिशाची वाफ बसवतेस. पहिला थर खालच्या नक्षीला धरून बसतो, वरचे मग आपल्या वळणावर जातात, असं तू घरी येऊन सांगितलंस. मी म्हटलं, ही तर सूनच झाली की! तुझ्या नाकातून चहा आला होता.

आता हसू येत नाही. सगळं शिसं त्या तुकड्यावर थोडंच बसतं? उरलेलं टाकीच्या भिंतींवर चढतं, त्याचे पापुद्रे सुटतात, मग टाकी उघडून ते खरवडायचे. पुढल्या सोमवारी उघडणार आहे, कळलंय मला. आणि तुमच्या खोलीचा रिवाज काय, तर ज्यानं टाकी बंद केली त्यानंच उघडायची. बंद कोणी केली? तू.

बॅटरीच्या कारखान्यात मी शिशाच्या पट्ट्या घासायचे. शेजारी बसायची ती पोटुशी होती. तिचं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. शिशानं झालं की आणखी कशानं, आम्हाला कोण सांगतंय! पण ती राखाडी धूळ आठवली की आजही मी उठून हात धुऊन येते. तू म्हणशील मास्क असतो, हातमोजे असतात. असतील. तुला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, आणि कळूनही तू गप्प आहेस, त्याचीच मला जास्त धास्ती.

नवऱ्यावर रागावू नकोस. काल त्यानं रडत रडत सांगून टाकलं. तिसरा महिना लागलाय, आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना तू बोललेली नाहीस. बोललीस तर टाकी दुसऱ्याच्या हातात जाईल म्हणून. अगं, नोकरी सोड म्हणणारी सासू मी नव्हे. मॅडम करू देतील ते सगळं कर, फक्त ते खरवडणं दुसऱ्या कोणाला तरी करू दे. मागच्या खेपेला दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि मी न्हाणीत नळ सोडून रडत होते. ते पुन्हा माझ्याच्यानं सोसायचं नाही. मॅडमना सांग आणि शनिवारच्या आत मला फोन कर. “सांगते” नको, “सांगितलं” हवं.

तुझीच,
आई (रागात सासूबाई म्हणालीस तरी चालेल, पण शनिवारच्या आत म्हण)