चाकं जमिनीवर टेकल्यावर

४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपलं हे कागदावरचंच बरं. इकडे सगळं ठीक. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते आहे, तेवढंच.

फेब्रुवारीत येऊन तू माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे सांध्यातले ते धक्के झेलणारे रबरी तुकडे, बदलून दिलेस, त्याचं कौतुक अजून संपलेलं नाही. शेजारचे दंतवैद्य येता-जाता विचारतात, अडुसष्टाव्या वर्षी तीन तास गाडीशी झुंजणारे ते तुमचे भाऊ काय खातात? मला मेलीला तू पाना धरायलासुद्धा जवळ येऊ दिलं नाहीस. कंपनीचं रबर मऊ असतं, हे भरीव आहे, दुप्पट टिकेल, वळणावर गाडी डुलणार नाही, असं तू समजावलंस आणि दोन महिने तसंच झालं.

पण गेले पंधरा दिवस ब्रेक लावला की पुढून ठक्क असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडला तर गाडी डावीकडे जाते. रोज चाळीस किलोमीटर होतात, अकरा घरी मलमपट्टीला जायचं असतं, त्यामुळे धास्ती वाटते. माझंच काही चुकतंय का? पन्नाशीनंतर चालवायला शिकलेली बाई मी. चुकत असेल तर रागाव, पण सांग.

सूनबाईला आशीर्वाद. तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
धाकटी

१३ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बुश माझ्या हातचे आहेत, तेव्हा तो विषय सोड. छत्तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना हेच शिकवलं. दुखणं तुझ्या उजव्या पायात आहे. तू ब्रेक लावत नाहीस, ब्रेकवर उभी राहतेस. खड्डा दिसला की आधी घाबरतेस आणि मग नेमकी त्यातच जातेस. अशाने लोखंडही वाकेल, रबराचं काय घेऊन बसलीस!

रविवारी मामांच्या पंचाहत्तरीला सगळे जमले होते. तुला कामामुळे येता आलं नाही, पण तुझी हजेरी मी लावली. तुझ्या ब्रेक मारण्याची नक्कल करून दाखवली, तर हसून हसून मामांना ठसका लागला. मामांच्या धाकट्याने ताईला तीनचाकी घेऊन द्यावी असा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. मनावर घेऊ नकोस, घरचीच माणसं.

उगीच गाडी गॅरेजमध्ये नेऊ नकोस. ते लोक नसलेलं दुखणं उकरून काढतात. जपून चालव, आपोआप बसेल सगळं.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे.

तुझा,
दादा

२९ मे

आदरणीय सरांस,
सा. न. वि. वि.

मी तुमचा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचो, वेल्डिंग करताना शर्ट जाळून घेतला होता तो. इथे माझं छोटं गॅरेज आहे. आवाज फारच वाढला म्हणून एक ताई गाडी घेऊन आल्या आणि बोलता बोलता कळलं की त्या तुमच्या बहीण.

सोबतच्या पुडक्यात त्यांच्या गाडीचा डावीकडचा बुश पाठवतो आहे. रबर आतल्या नळीपासून सुटलं आहे. सर, चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला गेला आहे. मग गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहिलं, आणि भरीव असल्यामुळे लवकर फाटलं. शेवटचं आवळून झालं की तुम्ही मारता तो पिवळा ठिपका बोल्टवर जसाच्या तसा होता, म्हणजे मधे कोणी हात लावलेला नाही. चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय शेवटचं आवळायचं नाही, हे तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचात आणि वर्षभर पुसू द्यायचा नाहीत. म्हणून मी चारदा तपासलं. वाटलं, मलाच चुकीचं दिसत असेल.

ताईंसमोर तुमचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. रस्ते खराब आहेत असं सांगून टाकलं. त्यांनी मात्र आपल्यालाच चालवता येत नाही असा अर्थ घेतला. गाडी माझ्याकडे उभी आहे. त्या बसने फिरतात, लांबचे चार रुग्ण सोडलेत, आणि शेजारच्या दंतवैद्यांना गाडी देऊन टाकायचं ठरवत आहेत. सर, हे माझ्या खोट्यामुळे झालं, अन्न गोड लागत नाही. काय करायचं ते तुम्हीच सांगा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, चूक पदरात घ्यावी.

आपला,
गॅरेजवाला विद्यार्थी

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून घाईने लिहितो. तुझ्या गॅरेजवाल्याने बुश पाठवला, तो पाहिला. गाडी स्टँडवरून खाली उतरवून, चाकं टेकल्यावर शेवटचे बोल्ट आवळायचे असतात. त्या दिवशी माझ्या ते लक्षात राहिलं नाही. वय झालं, घाई होती, विसरलो. त्या पोराला बोल लावू नकोस, माझ्या मानासाठी तो गप्प बसला.

अर्थात रस्तेही खराब आहेतच आणि तुझा ब्रेकही जरा जडच आहे, पण चुकीतला माझा वाटा मी घेतो. गाडी विकायची घाई करू नकोस.

राग धरू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, एवढं मनाला लावून काय घेतोस! माणूसच विसरतो. उलट चूक कबूल केलीस, केवढं मोठं मन लागतं त्याला. पत्र वाचून मला भरून आलं.

माझ्या जिवाला घोर लागला आहे तो वेगळाच. जी गोष्ट तू छत्तीस वर्षं शिकवलीस तीच डोक्यातून जावी, हे मला बरं वाटत नाही. मी रोज रुग्ण बघते. सुरुवात अशीच होते रे. खरं सांग, किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवतं ना? ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतोस का? सूनबाईशी मी फोनवर बोलले आहे. तिला म्हटलं, दादांना न कळू देता लक्ष ठेव. आता मीच तुला कळवून बसले, म्हणजे झालं!

गाडीचं म्हणशील तर तीस तारखेला दंतवैद्य घेऊन जातील. निम्मी चूक माझी आहेच की. रुग्णाला सुई टोचायला मी कधी घाबरले नाही, पण गाडीची किल्ली मात्र गॅरेजमधून परतसुद्धा आणली नाही. मामांकडे सगळे हसले ते खोटं नव्हे.

डॉक्टरांकडे जाऊन ये. तू बरा राहा, मग बाकी सगळं मिळालं.

तुझी,
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,

मी विसरलो नव्हतो.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून वर लिहिला नाही. तुझं पत्र आल्यापासून सूनबाई माझ्या मागे सावलीसारखी आहे. गॅस मी बंद केला तरी येऊन पुन्हा बघते. रोज वार विचारते. परवा नातवंडांना तिने सांगितलं की आजोबांशी प्रेमाने बोला. खरं तर त्यांना माझी लाज वाटायला हवी, आणि घरभर माझी काळजी चालली आहे. आता सहन होत नाही.

त्या दिवशी सगळं माझ्या ध्यानात होतं. गाडी उतरवल्यावर बोल्टपर्यंत पोचायला पाठीवर झोपून खाली सरकावं लागतं. माझा उजवा गुडघा दोन वर्षं वाकत नाही. एकदा आडवा झालो की कोणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. अंगणात दंतवैद्य आणि आणखी दोघे बघत उभे होते. त्यांच्यासमोर तू मला काखेत हात घालून उठवलं असतंस, ते मला नको होतं. म्हणून तुला चहा टाकायला आत पाठवलं आणि चाकं हवेत असतानाच बोल्ट आवळले. पिवळा ठिपका मारताना हात थांबला होता. तरी मारला.

याहून वाईट पुढे आहे. तुझं चार मेचं पत्र वाचताच ठक्क कुठून येतं ते मला कळलं होतं. गाडी डावीकडे ओढते हे वाचूनही तुला थांब म्हणालो नाही. जपून चालव म्हणालो. गॅरेजमध्ये नेऊ नकोस म्हणालो, कारण तिथे माझं पितळ उघडं पडलं असतं. तुला काही झालं असतं तर, हा विचार येतो आणि मी तिथेच बसून राहतो. मामांकडची नक्कलही मी सगळं माहीत असून केली. लोक हसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

तुझी निम्मी चूक नाही. रतीभरही नाही. तू चांगली गाडी चालवतेस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माफी मागतो. दिलीच पाहिजेस असं नाही.

दादा

२२ जून

ती. दादास,
नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. सूनबाईला फोन करून सांगितलं की दादांचं डोकं शाबूत आहे, काळजी करायची तर गुडघ्याची कर.

दंतवैद्यांना नाही म्हणून सांगितलं. तुझ्या विद्यार्थ्याने दोन्हीकडे कंपनीचे साधे बुश बसवले. गाडी चारी चाकांवर उभी केली, त्याच्या गॅरेजमध्ये खाली खड्डा आहे, त्यात मी उतरले आणि शेवटचे बोल्ट माझ्या हाताने आवळले. तो नको नको म्हणत होता, सरांना काय वाटेल म्हणाला. मी म्हटलं, सरांना वाटायचं ते वाटून झालंय.

तिथून तशीच टेकडीपलीकडच्या घड्याळवाल्या आजोबांकडे गेले. मी सोडलेल्या चौघांतले ते एक. पायाची जखम महिन्यापूर्वी भरत आली होती. बसने तिथे जाता येत नाही, म्हणून ते आपल्याच हाताने पट्ट्या बांधत होते. जखम चिघळली आहे, बोट काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. मला बघून आजोबांनी एवढंच विचारलं, बाई, माझं काही चुकलं होतं का? मी त्यांची पट्टी बदलायला घेतली. तुला हे कळवायचं नाही असं येताना ठरवलं होतं. मग वाटलं, का नाही?

माफी तू मला बंद पाकिटात मागितलीस. हसवलंस मात्र भरल्या घरात. तेव्हा हेच सगळं मामांना लिहून पाठव आणि सगळ्यांसमोर वाचा म्हणून सांग. गुडघ्यासकट.

दादा, मी रोज माणसांना अंथरुणातून उठवते. कुशीवर वळवते, काखेत हात घालून उभं करते. अनोळखी लोक लाज सोडून माझ्या खांद्यावर भार टाकतात. तुला तेवढं माझ्याजवळ मागता आलं नाही, याचं मला बुशापेक्षा, त्या हसण्यापेक्षाही जास्त लागलं आहे.

लोभ असावा, असं आज लिहीत नाही. तो आहेच. पण आज तुला तो वाचायला मिळू नये असं वाटतं.

धाकटी