बोटभर पुढे आलेली पुस्तकं

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून बाबांचं पुस्तकांचं दुकान मी एकटीने चालवायचं. संकल्प: शटर वेळेवर उघडणे, गिऱ्हाइकाशी हसून बोलणे, ऑनलाइनवाल्यांना नावं न ठेवणे. दादाने मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर दुकानाने जम धरला नाही तर जागा कुरिअरवाल्यांना. आई भाजी निवडत राहिली. माझ्या बाजूने असावी.

संध्याकाळ
तिघे आले. एकाने पत्ता विचारला. व्यवस्थित सांगितला.

६ फेब्रुवारी
शटर ओढायला गेले आणि अंगावर काटा आला. कादंबऱ्यांच्या फळीवर एक पुस्तक बोटभर पुढे. ही बाबांची रीत. दुकान बंद करताना ते फळीफळीवरचं एखादं पुस्तक बोटभर पुढे ओढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा हात नेमका तिथे जायचा. मी अक्षरं शिकले तीच मुळी पुस्तकांच्या पाठींवरून, शाळा नंतर. पुढे आलेलं पुस्तक मागे ढकलायचं नाही, हा बाबांचा पहिला धडा.
मी ओढलेलं नाही. दुकानात दुसरं कुणी नाही. बाबांना जाऊन चार महिने होतील.

८ फेब्रुवारी
आज आणखी काही. बाबाच. काय मागवायचं ते सांगताहेत. प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती मागवल्या. वितरक म्हणाला, ताई, हा माल परत घेणार नाही हं. म्हटलं, ती वेळच येणार नाही.
नंतर टोचणी. गेलेल्या माणसाकडून धंद्यात मदत घेणं बरोबर का? पण दुकान त्यांचंच. चालावं.

१३ फेब्रुवारी
चरित्रांवरची ट्यूब फडफडते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, चोक गेलाय. बदलू दिला नाही. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

१९ फेब्रुवारी
आईला विश्वासात घेऊन सांगितलं. कुणाला सांगू नको म्हटलं. जेवताना दादा म्हणाला, बाबा ऑर्डर देतायत तर बिलही त्यांच्याच नावाने फाड. दुर्लक्ष केलं. आईने मात्र ताटावरून मान वर केली नाही.

२६ फेब्रुवारी, दुपार
मास्तर आले. बाबांचे शाळेतले मित्र, आता निवृत्त. रोज येतात, बाबांच्या स्टुलावर बसतात, पुस्तकं हाताळतात, जातात. विकत काही घेत नाहीत, पण निष्ठा बघावी. सहज विचारलं, मास्तर, इथे काही जाणवतं का? म्हणाले, गार वाटतं खरं, पंखा कमी कर. गार! मला तेच हवं होतं. पंखा कमी केला. तरी गारच, म्हणाले.

५ मार्च
नव्या प्रती आल्या. अजून एकही हललेली नाही. लोक येतात, कव्हरचा फोटो काढतात, छान कलेक्शन आहे म्हणतात. आवड निर्माण होतेय. वेळ लागतोच.
आणखी सहा पुस्तकं पुढे. मागवली.

१४ मार्च, दुपार
ठरवलं, आज बाबांना पाहायचंच. एवढंच सांगायचं होतं की मी निभावतेय, काळजी नको. शब्दकोशांच्या कपाटाआड उभी राहिले. श्वाससुद्धा बेताने.
मास्तर आले. हाक मारली, मी गप्प. कादंबरी काढली, पहिलं पान डोळ्यांशी नेऊन वाचलं, खिशातून फोन काढला, कव्हरचा फोटो घेतला. थरथरत्या हाताने पुस्तक परत ढकललं. बोटभर बाहेरच राहिलं. मग दुसरं.
मी कपाटाआडून बाहेर आले तर मास्तर दचकले. पोरी, घाबरवलंस की, म्हणाले. डोळे गेलेत गं, ई-बुकात अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पण निवडायला इथेच यावं लागतं. हातात घेतल्याशिवाय पुस्तक कळत नाही.
म्हणजे फोटो काढणाऱ्या लोकांनी जी पुस्तकं नुकतीच दुसरीकडून घेतली, नेमकी तीच मी पाच-पाच मागवली.
म्हटलं, बाबांना हे बघून काय वाटलं असतं? मास्तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, मला तर ई-बुक वाचायला त्यानेच शिकवलं. दवाखान्यात जाड पुस्तक त्याला छातीवर पेलवेना.
मी रोज डबा घेऊन जायचे. मला पाहून बाबा काहीतरी उशीखाली सरकवायचे. मला वाटायचं, गोळ्या टाळताहेत. ओरडलेही होते.

संध्याकाळ
आईला माहीत होतं. तुला सांगू नको म्हणाले, तुला लागेल म्हणून, एवढंच बोलली.

१६ मार्च
चोक बदलून घेतला. उजेड लख्ख. दुकानात कुणीच नाही.

३१ मार्च
दादाने विचारायच्या आत मीच सांगितलं, कुरिअरवाल्यांना बोलाव. अर्धीच जागा द्यायची. अर्धीत पुस्तकं राहतील. हा माझाच निर्णय आहे, असं तोही म्हणाला.

१२ एप्रिल
दिवसभर गर्दी. बाबांच्या वेळीही एवढी नसायची. सगळी पार्सलं न्यायला. एका बाईंनी खोकं माझ्यासमोरच फोडलं. आत पुस्तक, आपल्याकडे असलेलं, पाच प्रतींत. मी हसले. त्यांनी विचारलं, पिशवी मिळेल का? दिली. आपल्या दुकानाचं नाव छापलेली.
विक्री म्हणता येणार नाही. तरी आपल्या दारातून, आपल्या पिशवीतून एक पुस्तक गेलं. पिशवीचे किती, म्हणाल्या. म्हटलं, राहू द्या.